दोन सुपं, दोन खुंट्या

मुलांनो, काल कामवालीने दोन सुपं एकाच खुंटीला टांगली, त्यांच्या कडा खटकन आपटल्या आणि मला कारगिलच्या लढाईचा उन्हाळा आठवला. तुमचा बाबा तेव्हा लढाऊ विमान उडवत असे. आधीच्या सुट्टीत गावाकडे, धानशेतीच्या गोरेगावात, आपल्या अंगणात त्याने दोन सुपं हातांत धरून, विमानं पंखाला पंख भिडतील इतक्या जवळून कशी उडतात ते दाखवलं होतं. "एवढ्या जवळ कायले उडता रे, आभाळ का कमी पडून राहिलं?" शेजारीण हसली होती. लढाईच्या दिवसांत एका दुपारी ती आमच्याकडे पेरणीचं धान पाखडत असताना रेडिओवर बातमी आली, की सरावात सोबत उडणारी आपली दोन विमानं हवेत धडकली आणि एकच वैमानिक वाचला. नावं सांगितली नाहीत. शेजारणीने एक सूप अंगणाच्या या टोकाला ठेवलं, दुसरं त्या टोकाला. "आता एकमेकाले शिवू देऊ नका, बाई." मी फोनपाशी बसून राहिले. दिवेलागणीला तो वाजला. "आई, मी बोलून राहिलो," तुमचा बाबा म्हणाला, "गेला तो माझ्या बाजूलाच उडत होता, आई." काल मी एक सूप उचललं आणि समोरच्या भिंतीवर, तेव्हापासूनच्या त्याच्या वेगळ्या खुंटीला टांगलं.