शिळं पाणी

सुरतेत, नवागामात आमच्या गल्लीच्या नळावर एक तरुण रोज यायचा. रंगाच्या मिलमध्ये कामाला, नखं कायम निळी. हंडा भरण्याआधी ओंजळीतल्या पाण्याचा वास घ्यायचा.

मी तेव्हा गॅलरीत पाइपांमध्ये, मातीविना, नुसत्या पाण्यावर पालक लावला होता. रोज ताजं पाणी घालूनही मुळं करपत होती. नळावर मी तेच रडगाणं गात होते, तर म्हणाला, "आजी, शिळं पाणी घाला. नळाच्या पाण्यात औषध असतं, उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की उडून जातं. पालक आला तर पहिली जुडी माझी हं!"

आता सांगा, आमच्याकडे शिळं पाणी सकाळी ओतून टाकतात. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुझ्या घरी पाहुण्याला शिळं पाणी देतोस का रे?" बायका हसल्या. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या गल्लीच्या नळावर जाऊ लागला.

पुन्हा रोपं मेली, तेव्हा मी गुपचूप बादली उघडी ठेवली. पालक असा तरारला म्हणून सांगू! पहिली जुडी घेऊन मागच्या गल्लीत गेले. "कोण हवंय?" बायकांनी विचारलं. नाव मी कधी विचारलं होतं? म्हटलं, "तो, पाण्याचा वास घेणारा."

"तो तर खोली सोडून तिकडे सचिन गावात राहायला गेला, मावशी."

जुडी घरी आणून त्याच शिळ्या पाण्यात उभी केली. चार दिवस टवटवीत होती. शिजवायला माझा हात धजला नाही.