घरमालकाचं विमान

"तुमाले विचारलं का म्या?"

माझ्या घरमालकांचं बोलणं इथून सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा इथेच संपायचं. आज ऊन फार आहे म्हटलं, तरी हेच. दूधवाला, पोस्टमन, नागपूरहून आलेली सख्खी मुलगी, सगळ्यांना एकच प्रसाद. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. त्याच्या फाटकासमोरून जाताना तुम्हीही पाय जरा उचलूनच टाकत असाल. मी तर त्या माणसाच्या डोक्यावर राहत होते.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला मुलींच्या सरकारी शाळेत बदली झाली, तेव्हा त्यांच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. इतक्या चांगल्या खोल्या रिकाम्या का, हे मला आठवड्याभरात कळलं. ते बिजली विभागातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, बायको वारलेली. माझ्या जिन्याची वाट त्यांच्या हॉलमधून जायची, आणि हॉलमध्ये विमान होतं.

खेळण्यातलं नव्हे. हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर लाल-पांढरी चकचकीत फिल्म आणि नाकात पेट्रोलवर चालणारं खरं इंजिन. आपण जमिनीवर उभं राहून रिमोटनं त्याला आकाशात कोलांट्या मारायला लावायच्या. सुटे भाग माणूस मावेल एवढ्या खोक्यातून आले होते, आणि ते जोडण्यात त्यांचं सगळं आयुष्य चाललं होतं. दोन्ही पंख बसवले की हॉल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरायचा. शाळेत जाताना मी पंखाखालून वाकून जायची.

"रोज नमस्कार घडतो," मी एकदा म्हणाले.

"करत जा. तुमच्यापेक्षा कामाचं आहे थे."

आमचं भांडण कशावरूनही व्हायचं. शेपटीची, विमान वळवणारी झडप बिजागऱ्यांवर चिकटवली होती आणि माझं दार वाऱ्यानं आपटलं. "गोंद वाळून राह्यला अन् तुमी दारं आपटता!" म्हणून त्यांनी दिवसभर वरचं पाणी बंद ठेवलं. एकदा माझी इस्त्री गायब. खाली पाहिलं, तर पंखावरच्या फिल्मच्या सुरकुत्या ते माझ्या इस्त्रीनं काढत होते. मी ती हिसकावली. त्यांनी परत घेतली. "तुमच्या साड्या पाहाले कोण येते?" म्हणाले. त्या दिवशी मी दुसरी खोली शोधायला निघाले होते. मिळाली नाही, म्हणून राहिले. त्यात मोठेपणा काही नाही.

त्यांना कंपवात होता. गोळी घेतल्यावर थोडा वेळ हात ऐकायचे, आणि तेवढ्या वेळात ते बारीक काम उरकायचे. एरवी स्क्रू हातातून निसटायचा, फरशीवर टणटणत जायचा आणि मागोमाग अशी शिवी यायची की मी वर रेडिओ मोठा करायची.

त्यांचा वैरी कोण, हे दूधवाल्यानं सांगितलं. बाजारातला चष्मेवाला. वयानं बराच लहान, यांच्याकडेच विमान उडवायला शिकलेला. पूर्वी दोघं दर रविवारी हट्टा रोडवरच्या चष्मेवाल्याच्या शेतात जायचे. एकदा यांचं जुनं विमान भलतीकडे वळलं आणि जमिनीकडे येऊ लागलं. चष्मेवाल्यानं रिमोट यांच्या हातातून ओढून घेतला, विमान नीट उतरवलं आणि चार लोकांसमोर म्हणाला, "काका, आता तुमचे हात उडवाच्या कामाचे नाई राह्यले."

विमान वाचलं, पण यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ते विमान विकलं आणि त्याच्या दुप्पट मोठं मागवलं. स्वतः उडवून दाखवायचं, त्याच्याच डोळ्यांदेखत.

जोडणी संपली त्या दुपारी खालून हाक आली. "ओ बाई, खाली या. शेपूट धरा."

इंजिन सुरू करताना मागून कोणीतरी धरून ठेवावं लागतं, नाहीतर विमान मालकावरच धावून जातं. गल्लीतून दुसरं कोणी आलं नसतं, आणि मला संध्याकाळी पाणी हवं होतं. अंगणात मी शेपूट धरून बसले. इंजिनला हात लावण्याआधी ते रिमोट घेऊन समोर उभे राहिले. शेपटीची उभी झडप डावीकडे वळली, उजवीकडे वळली, मधोमध आली आणि तिथेच थरथरत राहिली.

"काहीतरी सैल राहिलंय, हे थरथरतंय," मी म्हणाले आणि त्यांच्या अंगठ्याकडे माझी नजर गेली.

त्यांनीही झडपेकडे पाहिलं. रिमोट खाली ठेवला. झडप थांबली. उचलला. परत थरथर. मी त्यांच्या त्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत होते, पण ते आलं नाही. पायरीवर बसले. मग म्हणाले, "त्या हरामखोराले बोलवा."

"कोणाला?"

"चष्मेवाल्याले. अन् किती हरामखोर आहेत गावात?"

मी दुकानात गेले. चष्मेवाला कोणाच्यातरी चष्म्याची काच बसवत होता. निरोप ऐकून मान वर केली नाही.

"माझ्यासंगं बोलत नाई थो बुढा. स्वतःच उडव म्हणा."

"त्यांनी करून पाहिलं," मी म्हणाले. "झडप थरथरते."

त्याच्या हातातली काच तशीच राहिली. "संडेले आणा," तो म्हणाला. "त्याच्यासाठी नाई येत मी. विमानासाठी येतो."

धान कापून झालेलं होतं. शेतातला एक पट्टा त्यानं धुमसानं ठोकून सपाट करून ठेवला होता. घरमालक काकांनी पंख चढवून बोल्ट कसले. चष्मेवाल्यानं तेच पुन्हा कसले.

"माह्या बोल्टाले हात नोको लावू."

"पडलं तं खापर माह्याच डोक्यावर फोडसान ना!"

मी शेपूट धरली. त्यानं नाकावरच्या पंख्याला दोन-तीन झटके दिले आणि इंजिन असं गरजलं की माझा पदर उडून तोंडावर आला. "सोडा!" मी सोडली. विमान पट्ट्यावरून धावलं, उठलं, उलटं झालं, सरळ झालं, मग नाक वर करून हवेत चक्क लटकून उभं राहिलं. मी खाली पाहिलं. काकांचे दोन्ही हात पोटाशी होते आणि रिकाम्या हवेत दोन्ही अंगठे चालत होते, विमानाच्या कणभर आधी.

उतरल्यावर चष्मेवाला घामानं निथळत होता. "कसं उडवलं?"

"वाईट."

"डावीकडे ओढते तुमचं विमान."

"तुहा हात ओढते!"

परतताना टेम्पोत दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी मात्र हॉलमध्ये इंजिन काढलेलं होतं. त्याचं नाक किंचित उजवीकडे वळावं म्हणून काका मागे वॉशर घालत होते. "डावीकडे ओढत होतं ना?" मी विचारलं. त्यांनी माझी इस्त्री दाखवून सांगितलं, "घेऊन जा वर. अन् तोंड बंद ठेवा."

हिवाळाभर रविवारी हेच चाललं. दोघांचं एकदाही पटलं नाही.

उन्हाळ्यात काका न्हाणीघरात पडले. मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना माझ्याशी बोलले नाहीत, ड्रायव्हरशी मात्र भांडले. पावसाळ्यात तिचा फोन आला, बाबा गेले. विमान ज्याला हवं त्याला देऊन टाका, म्हणाली.

मी चष्मेवाल्याकडे गेले. त्यानं ऐकलं, समोरच्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं, आणि गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "लई छळलं बुढ्यानं."

"मलाही," मी म्हणाले.

तो काउंटरची काच फडक्यानं पुसत राहिला. "बाई, एक विचारतो. मी चांगलं उडवतो, असं तुमच्याजवळ कधी बोलले का थे? एखाद्या वेळी?"

हो म्हणणं सोपं होतं. पण त्या माणसाच्या नावावर गोड बोलणं माझ्या जिभेवर येईना.

"नाही," मी म्हणाले.

"हौ ना!" त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बोलले असते तं मले वाटलं असतं, बिमारीनं माणूस पार बदलून गेला."

मी दुकानाची पायरी उतरले, आणि भर दुपारी त्यानं मागे शटर ओढलं, आतूनच.