आक्कांची जपानी

घराबाहेर पडताना आक्का उंबऱ्यात वळून उभ्या राहायच्या, गॅसच्या बटणाकडे बोट रोखायच्या आणि खणखणीत म्हणायच्या, "योशी!" मग बोट नळाकडे. "योशी!" कुलूप लावलं की कुलपाकडे. "योशी!" त्यानंतरच दळणाचा डबा कमरेवर घेऊन गिरणीची वाट धरायच्या.

तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, बाईला काहीतरी झालंय. झालेलं काही नव्हतं. हा माझा प्रताप होता.

मी सुप्याच्या एमआयडीसीत, एका जपानी कंपनीच्या स्टोअरला आहे. आमच्याकडे एखादी गोष्ट तपासली की तिच्याकडे बोट दाखवून 'योशी', म्हणजे 'ठीक आहे', असं मोठ्याने म्हणायची पद्धत आहे. कंपनीने आम्हाला जपानीचे थोडे धडेही दिले होते. त्यातून मला 'नमस्कार', 'धोका', 'जरा थांबा' आणि 'हा माल चालणार नाही' एवढं येतं. एवढ्या भांडवलावर मी कॉलनीत जपानीचा जाणकार म्हणून मिरवत होतो. आमची ही म्हणायची, "ह्यांना मराठीत कोथिंबीर आणायला सांगितली तर मेथी आणतात, आणि म्हणे जपानी!"

आक्का शेजारच्या घरात एकट्या राहायच्या; मुलगी लग्न होऊन खर्ड्याला. त्यांचा मुलगा जपानात नोकरीला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. सुनेचं नाव युमी. एक नात, पाच वर्षांची. दर रविवारी सकाळी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. मुलगा मधे बसायचा, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायचा. आक्का म्हणायच्या, "आमचा लेक म्हंजी बसस्टँडवरची चौकशी खिडकी हाय."

एक दिवस तो कामाला निघाला आणि रस्त्यातच छातीत कळ येऊन गेला. आक्कांना तिकडे जायला मिळालं नाही. सगळे विधी त्यांनी फोनवर पाहिले.

पुढच्या रविवारी सुनेने नेमाने फोन लावला. तिकडे सून आणि नात, इकडे आक्का. मधली खिडकी रिकामी. बराच वेळ तिघी नुसत्या एकमेकींकडे बघत होत्या. मग नातीने हात हलवला आणि फोन बंद झाला.

आक्का तडक आमच्याकडे आल्या. "भाऊ, मला जपानी शिकवा."

"अहो आक्का, मोबाईलमध्ये भाषांतर करणारं ॲप असतं की."

"करून बघितलं. त्यातनं कुनीतरी बाप्या बोलतो. नात घाबरून खुर्चीमागं लपली. आजीचा आवाज आजीचाच पायजे, व्हय का न्हाई? आसंच चाललं तर ती पोर मला इसरंल, भाऊ. मंग माझ्याकडं त्याचं काय ऱ्हातंय?"

 चहा घेतला आणि शाळा सुरू केली.

'हाय' म्हणजे 'हो', हा पहिला धडा त्यांना शिकवावाच लागला नाही. बाकी सगळं अवघड गेलं. मला येणारे शब्द कारखान्याचे. 'हा माल चालणार नाही' हे नातीला सांगून काय उपयोग? पण आक्कांनी तेही पाठ केलं. 'योशी' तर त्यांना इतकं आवडलं की तव्यावरच्या भाकरीलासुद्धा मिळायला लागलं.

अक्षरं त्यांच्या हाताला पेनने बसेनात. मग त्यांनी रांगोळी घेतली. रोज पहाटे अंगण सारवून दारात एक जपानी अक्षर. दोनच दिवसांत कॉलनीत कुजबुज सुरू झाली की आक्कांच्या दारात काहीतरी वेडंवाकडं काढलेलं असतं, हे करणीचं लक्षण आहे. समोरच्या वहिनी लांबून वळसा घालून जायला लागल्या. आक्कांना कळलं तेव्हा त्या भर रस्त्यात ओरडल्या, "आगं ये भवाने, ते 'आ' हाय 'आ'! आजीतला!"

मग त्यांनी मला पहिलं खरं वाक्य मागितलं. "जेवलीस का, ह्याला काय म्हंत्यात?" मी कंपनीत विचारून आणलं. गोहान ताबेता?

रविवारी फोन आला. आक्कांनी नातीला विचारलं, "गोहान ताबेता?" पोरीचे डोळे एवढाले झाले. तिने काहीतरी भरभर सांगितलं. आक्कांना एक अक्षर कळलं नाही, पण तो आवाज त्यांच्यासाठी होता. त्या दिवशी आम्हाला शिरा मिळाला.

तेव्हापासून दर रविवारी पहिला प्रश्न तोच. आपल्याकडे दुसरं काय विचारतात? थोड्याच दिवसांत सुनेकडून फोटो यायला लागले. नातीच्या शाळेच्या डब्याचे. रोज एक. भात, अंडं, गाजराची फुलं. आक्का मोबाईल घेऊन घरोघर हिंडल्या. "बघा माझ्या सुनंचा हात!"

आणि मग फोटो थांबले. पाठोपाठ रविवारचा फोनही. आक्कांनी लावला तर कोणी उचलेना. दोन रविवार तसेच गेले. एक लांबलचक जपानी मेसेज तेवढा आला. तो घेऊन मी आमच्या कंपनीतल्या दुभाषी मुलीकडे गेलो.

तिने वाचला, पुन्हा वाचला. "काका, तुम्ही यांना काय शिकवलंत?"

"जेवलीस का, एवढंच."

"प्रत्येक वेळी हेच विचारायच्या?"

"आधी हेच."

"त्यांना वाटलंय, सासूबाई तपासणी करतायत. नवरा गेल्यावर ही मुलीला नीट खायला घालते की नाही, याची. म्हणून डब्यांचे फोटो पाठवत होत्या. इथे लिहिलंय, मी तिला उपाशी ठेवत नाही, माझ्यावर विश्वास ठेवा."

संध्याकाळी मी आक्कांना हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी ती बिचारी पुरावा देत हुती. आन् मी गावाला दावीत हिंडले."

"आक्का, तुमच्या मनात तसं नव्हतं."

"नसू दे. पर भाऊ, कुनाच्या घरी मयत झाली तर आपन भाकरी-पिठलं घिऊन जातो, बसून कडू घास खाऊ घालतो. कुनाला? ज्या बाईचा गेला तिला आधी. मी दर खेपंला लेकराला इचारलं. तिला कुठं इचारलं? नवरा तिचाबी गेला की."

मी दुभाषी मुलीला फोन लावून दिला. आक्कांनी तिच्याकडून वाक्य घेतलं. सुनेच्या नावापुढे 'सान' लावायचं म्हटल्यावर थोडं हसल्या. "सुनंला ताईसायेब म्हनल्यावानी झालं. झालं तर झालं." आठवडाभर भिंतीपलीकडून ते वाक्य ऐकू यायचं, भांडी घासताना, ज्वारी निवडताना.

आक्का आता लेकीकडे खर्ड्याला असतात. शेजारी कुलूप आहे. पण त्या आठवल्या की मला तो रविवार दिसतो.

मला शेजारी बसवून त्यांनी फोन लावला. खूप वेळ वाजला आणि उचलला गेला. पडद्यावर सून आली. चेहरा ओढलेला, नजर खाली. तिने मान झुकवून नमस्कार केला आणि नातीला हाक मारायला वळली.

"युमी-सान," आक्का म्हणाल्या. ती थांबली. "युमी-सान वा? गोहान ताबेता?"

युमी, तू? तू जेवलीस का?

सून बघत राहिली. तिने तोंडावर हात धरला, फोन टेबलावर ठेवला गेला, आणि पडद्यावर नुसतं पांढरं छत आणि एक गोल दिवा उरला. तिच्या रडण्याचा आवाज येत होता. तिने फोन बंद केला नव्हता.

मी घाबरलो. "आक्का, आपण ठेवू या का? नंतर लावू."

"ऱ्हाऊ द्या. कडू घास लवकर गिळत न्हाई."

मी उठून दारापर्यंत आलो. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, मोबाईल दोन्ही हातांनी धरून, आणि त्या परक्या घराच्या छताकडे बघत हळूहळू मान हलवत होत्या.