एका लाइनीवर सहाजण

दुपारी डबा उघडण्याआधी हेमाआत्या मॉडेमच्या पाठीला हात लावून बघायची, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. फार कढत लागला तर पंखा त्याच्याकडे वळवायची आणि स्वतः घाम पुसत जेवायची.

२००३ साली रत्नागिरीत तिचं सायबर कॅफे होतं. कॉम्प्युटर सहा, फोनची लाइन एक. सगळे एकदम बसले की कुणालाच काही दिसत नसे. आत्याचं माहेर गुहागरचं. तिथे सामाईक विहिरीचं पाणी पोफळींना पाळीपाळीने मिळे. तोच कायदा तिने इथे लावला. पत्रं वाचणाऱ्यांनी केव्हाही यावं, फोटो बघणाऱ्यांनी गिऱ्हाईक कमी असताना. कॅमेऱ्यावर बोलायचं असेल तर आधी सांगून ठेवायचं. तेवढा वेळ बाकीचे हात बांधून बसतील.

त्या रविवारी पूर्णगडच्या मृणालीने सांगून ठेवलं होतं. नवरा अजिंक्य बोटीवर. त्याने आपली तान्ही लेक अजून पाहिली नव्हती. बोट सिंगापूरला लागली होती, संध्याकाळी सुटायची होती.

"पोर निजलेलीच हवी," आत्याने बजावलं. "हातपाय हलवलेन की चित्र अडकतं."

अजिंक्य दिसला आणि ओरडला, "अगो, डोळे दाखव ना तिचे!"

आत्या अडवेपर्यंत मृणालीने पोरीच्या गालाला टिचकी मारलीसुद्धा. पोरीने टाहो फोडला. चित्र थिजलं, अजिंक्यचं तोंड उघडंच राहिलं.

आत्याने मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात बाळा, आंब्याच्या पेट्या मुंबईला पाठवणारा, लग्नाला आलेला, लग्न जुळवणाऱ्या साइटवर गुपचूप एका मुलीचा फोटो उघडत होता.

"बाळा, बंद कर ते!"

"आत्या, नाकापर्यंत आल्ये गो. थोडीच राहिली."

"नाक बरं आहे ना? मग झालं."

बाळाने फोटोकडे पाहिलं, रडणाऱ्या पोरीकडे पाहिलं आणि फोटो बंद केला.

चित्र हळूहळू सुटलं. रडता रडता दम घ्यायला पोर थांबली आणि तिने डोळे उघडले, क्षणभरच. पलीकडे अजिंक्य इतका गप्प झाला की आवाज गेला असं हात बांधून बसलेल्या आम्हा गिऱ्हाइकांना वाटलं.

मृणाली गेल्यावर आत्याने सगळ्यांना थांबवून ठेवलं आणि पूर्ण लाइन बाळाला दिली. त्याने पुष्कळ शोधलं. मुलगी काही सापडेना.

आत्याने खुर्ची जवळ ओढली.

"नाव तरी वाचलंस का रे तिचं?"