बळीराम मिस्त्रींनी केलेलं गार्ड

बळीराम मिस्त्रींचा कशावरच विश्वास नव्हता. यवतमाळात ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यामुळे वरून चकचकीत दिसलं की आत काहीतरी दडवलंय, ही त्यांची पक्की समजूत. लेक उर्वशीला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या गाडीवर त्यांनी बोटांनी टकटक केलं, दारांत ठोकल्याचे खड्डे झाकणारी पुट्टी भरलेली निघाली, आणि चहा व्हायच्या आत स्थळ नाकारलं. पंचफुलाबाई महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

त्याच उर्वशीनं एक दिवस स्कूटी विकून दोन सीटची इवलीशी बॅटरीची गाडी दारात उभी केली. ती बाभुळगावकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स. पावसाळ्यात दोनदा घसरून पडली होती. आता लसींचा डबा मागे बसतो, गाडी गल्लीत वळते, घरच्या प्लगवर चार्ज होते, असं तिचं म्हणणं. मिस्त्रींनी बॉनेटवर टिचकी मारली. आवाज प्लॅस्टिकचा. मागे गव्हाचं पोतंही मावेना. तिघांनी लग्नाला कसं जायचं, हे त्यांनी विचारलं, तर लेक म्हणे दोन खेपा करू.

मग त्यांनी गाडीवर पाळतच ठेवली. ती घरी आली की टायर बघायचे, दारांच्या फटीत नख घालून बघायचे. पंचफुलाबाई हसायच्या, पण मिस्त्रींची भीती खोटी नव्हती. कळंबच्या रस्त्यावर ट्रेलरखाली आलेल्या गाड्या त्यांच्याच शेडमध्ये यायच्या. एकुलती एक लेक असल्या डब्यात बसून जाते, या विचारानं त्यांना घास गिळवेना.

शेवटी एका रविवारी त्यांनी जाड लोखंडी पाइपांचं गार्ड केलं आणि गाडीखाली शिरून समोरून चार बोल्टांनी आवळलं. उर्वशीनं ते पाहिलं आणि काढा म्हणाली. मिस्त्री तापले. त्यांनी आपल्या जिवलग मित्राचा, रामरावचा दाखला दिला.

"त्याच्या जीपले मीच गार्ड लावलं होतं. झाडावर आदळली, निस्ता रंग गेला. जीपले काही झालं काय?"

"जीपले नाही झालं, बाबा. रामरावकाकाचं काय झालं?"

सतरा वर्षं मिस्त्री ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले होते, आणि दर वेळी ती जीपपाशीच संपायची. रामराव स्टेअरिंगवर छाती आदळून जागीच गेला होता. बेल्ट नव्हताच. त्याची वेळ भरली होती, असं सगळे म्हणाले आणि मिस्त्रींनीही मानलं. उर्वशीनं हळू आवाजात सांगितलं, की समोरचा भाग चेपला तर धक्का तिथं जिरतो. गार्ड त्याला चेपू देत नाही, मग तो आतल्या माणसाला बसतो.

मिस्त्री पाना घेऊन गाडीखाली शिरले. चार बोल्टांचं काम, पण बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल झाले होते.

रामरावचा मुलगा घनश्याम अजून तीच जीप चालवत होता. बायकापोरं घेऊन गावोगाव फिरायचा.

मिस्त्री पहिल्यांदाच उर्वशीच्या गाडीतल्या दुसऱ्या सीटवर बसले. बेल्ट लावला, दोनदा ओढून पाहिला.

"चाल, घनश्यामकडे," ते म्हणाले. "त्याच्या जीपचं बी काढा लागते. आन् कायले काढून राह्यलो, ते मलेच सांगा लागते त्याले."