मातीपुरती जागा

हिवाळे सिस्टरांना लोणावळ्यात नावाने कोणी हाक मारत नसे. त्यांचं नाव मनोरमा आहे, हे मला आमच्या चर्चच्या मंडळीच्या यादीतून कळलं. एकतीस वर्षं त्या रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या. शेडमधल्या माणसांची भाजलेली बोटं, चेंगरलेले अंगठे त्यांनी बांधले. नवरा फिटर होता, तो निवृत्तीच्या आदल्या वर्षी गेला. मुलगी लग्न होऊन दूर. सिस्टर इथेच राहिल्या.

आमची मंडळी लहान. नगरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती उभी केली. पूर्वी नाताळाच्या उपासनेला व्हरांड्यात सतरंज्या घालाव्या लागत, असं म्हातारे सांगतात. आता सत्तावीस घरं उरलीत. पाळकसाहेब पुण्याला राहतात, महिन्यातून दोन रविवार येतात. त्यामुळे चर्चचं गळणारं छप्पर, दफनभूमीचं कुंपण, कोणाचं आजारपण, कोणाची भांडणं, सगळं सेक्रेटरीच्या गळ्यात. कोणी तयार होईना म्हणून सिस्टर सेक्रेटरी झाल्या. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. पुढे जे झालं त्यातलं बरंच माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

दर गुरुवारी सिस्टर कामशेतला उतरून पवनेच्या बाजूला एका कातकरी वस्तीवर जायच्या. एकोणीस झोपड्या. जखमा धुवायच्या, गरोदर बायांचा रक्तदाब बघायचा, पोरांना लशीच्या दिवशी उपकेंद्रात घेऊन जायचं. तिथे त्यांनी कधी बायबल उघडलं नाही. आमच्यातल्या एकाने त्यांना त्याबद्दल टोकलं होतं. "तुम्ही चला ना," त्या म्हणाल्या, "तुम्ही सुवार्ता सांगा, मी खरूज बघते." तो काही गेला नाही.

श्रावणातल्या एका सकाळी वस्तीवरचा भिमाजी त्यांच्या दारात आला. पायापासून गुडघ्यापर्यंत चिखल. मी तेव्हा पावत्यांवर सह्या घ्यायला गेले होते.

"शिष्टर, आय गेली. परवा राती."

"मग? माती दिली?"

"कुटं देऊ? वड्याकाठची जागा इकली ना कुनी. तार मारलीय. राखण्या आत जाऊ देईना. माजा बाप तितं हाय, आजा तितं हाय."

"गावात विचारलंत?"

"इचारलं. गावाचं मसान गावाचं, म्हनले. आन आमच्यात जाळीत न्हाईत." तो दाराच्या चौकटीला टेकला. "दीड दिस झाला. आता वास याया लागलाय."

सिस्टरांनी कोणाला फोन केला नाही. खुंटीवरची छत्री घेतली आणि म्हणाल्या, "आणा तिला. आमच्या दफनभूमीत जागा आहे."

दुपारी टेम्पोतून म्हातारीला आणलं. दफनभूमीच्या पार टोकाला, भिंतीलगत खड्डा खणला. वस्तीवरच्या माणसांनी त्यांचं जे काय करायचं ते केलं. तांदूळ टाकले, पाणी सोडलं. सिस्टर डोक्यावर पदर घेऊन दहा पावलं लांब उभ्या होत्या. तोंडातून एक शब्द काढला नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "त्यांची आई होती. मी कशाला मध्ये बोलू?"

पुढच्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. सगळ्यांत वडील सभासद पारधेकाका बसायच्या आधीच बोलायला लागले.

"सिस्टर, आपल्याच माणसांना जागा पुरत नाही. आणि उद्या कोणी म्हटलं की आदिवासींना बाटवून पुरलं, तर? काचा कोणाच्या फुटतील?"

"मेलेल्या बाईला कोण बाटवतं, काका?"

"ते तुम्हाला-मला कळतं. त्यांना कळेल?"

ठराव झाला की मंडळीबाहेरच्या कोणाला कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय तिथे पुरू नये. हात वर करणाऱ्यांत मीही होते. माझा नवरा बाजारात दुकान चालवतो. मला काचांचीच भीती वाटली. सिस्टरांनी ठराव वाचला आणि खाली सही केली. "कमिटीला न विचारता केलं ही माझी चूक," त्या म्हणाल्या. "पण म्हातारीला आणलं ती चूक नव्हती. दोन्ही लिहा." मी दोन्ही लिहिलं.

मग त्यांनी सरळ रस्ता धरला. वस्तीला स्वतःची दफनभूमी मिळावी म्हणून अर्ज केला. भिमाजीला घेऊन तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले. आधी म्हणाले गट नंबर लिहा, मग म्हणाले ग्रामसभेचा ठराव आणा. ग्रामसभेत कोणी उघड नाही म्हणालं नाही. जागा द्यावी, पण आमच्या शेताकडे नको, विहिरीच्या वरच्या अंगाला नको, रस्त्याला लागून नको, असं करत करत सभा उठली.

दिवाळीनंतर पारधेकाका म्हणाले होते तसंच झालं. त्या दिवशी भिंतीपलीकडून कोणीतरी फोटो काढला होता. तो आता मोबाइलवर फिरायला लागला: आदिवासींना फसवून ख्रिस्ती केलं, कबरस्तानात पुरलं. एका रविवारी वीस-पंचवीस तरुण उपासना चालू असताना फाटकाशी येऊन उभे राहिले. मारहाण झाली नाही. त्यांनी आत येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढले, कोण कुठे नोकरीला आहे ते विचारलं. लहान मुलं रडायला लागली. त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये अकरा माणसं होती.

पोलीस चौकीवर सगळ्यांना बोलावलं. भिमाजीने तिथे हात जोडून सांगितलं, "आमी बाटलो न्हाई सायब. नुसती माती दिली." त्याचं म्हणणं लिहून घेतलं, अंगठा घेतला. पाळकसाहेबांनी फोनवरून सांगितलं, काय लिहून मागतील ते द्या आणि मिटवा. शेवटी सिस्टरांनी लिहून दिलं की यापुढे बाहेरचा एकही मृतदेह आमच्या जागेत घेतला जाणार नाही; घेतला तर जबाबदारी संपूर्ण मंडळीची.

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "ही घरं माझ्यावर सोपवलीत. माझ्या एकटीचं असतं तर सही केली नसती."

त्या वर्षी भिमाजीची सून सारिका गरोदर होती. अठरा वर्षांची, अंगात रक्त नाही. सिस्टर तिच्यासाठी गूळ-शेंगदाणे न्यायच्या, गोळ्या समोर बसून गिळायला लावायच्या. फेब्रुवारीत, एका शनिवारी पहाटे, तिला कळा सुरू झाल्या. झोपडीतच मुलगी झाली आणि रक्त थांबेना. गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. हायवेला लागण्याआधीच ती गेली.

त्याच दुपारी ते तिला घेऊन आमच्या दफनभूमीशी आले. शनिवार असल्यामुळे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती. टेम्पो त्या रांगेतूनच वाट काढत आला. सिस्टरांनी मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा त्या फाटकाच्या आत उभ्या होत्या, कुलूप लावलेलंच होतं. सकाळपासून त्यांनी परवानगीसाठी जिथे जिथे फोन करता येईल तिथे केले होते. सुट्टी होती. सगळ्यांनी सोमवार सांगितला.

टेम्पोत विठाबाई, म्हणजे भिमाजीची बायको, नात मांडीवर घेऊन बसली होती. सारिकाचा नवरा कुठल्याशा वीटभट्टीवर होता, त्याला अजून निरोपही पोचला नव्हता.

"उगडा, शिष्टर," भिमाजी म्हणाला.

"भिमाजी, मी सही केलीय. बाहेरचं कोणी इथे घेणार नाही म्हणून."

"भाईरचं." त्याने टेम्पोकडे बोट केलं. "दर बेस्तरवारी तुमी तिच्या पोटाला हात लावून बगायचा. ती भाईरची?"

"मी उघडलं तर आमच्या मंडळीतल्या लोकांना सोडणार नाहीत. तुम्हालाही परत चौकीवर नेतील."

"आमाला कागुद कळत न्हाई. उगडायचं आसंल तर उगडा. न्हाईतर न्हाई म्हना, मंजी आमी मोकळं."

रस्त्यावरून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. दोन बायका गाडीच्या काचा खाली करून बघत होत्या. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझ्याकडून काय हवं होतं ते मला कळलं. मी कमिटीतली होते. मी नुसतं "उघडा" म्हटलं असतं तरी त्यांनी उघडलं असतं, असं मला आजही वाटतं. मी खाली बघितलं.

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

भिमाजीने मान हलवली, जणू भाव विचारला आणि पटला नाही. तो टेम्पोत चढला. सिस्टर गजांना धरून म्हणाल्या, "थांबा, मी येते तुमच्याबरोबर."

"नगा येऊ," विठाबाई म्हणाली. एवढंच ती त्या दिवशी बोलली असेल.

त्यांनी सारिकाला धरणाच्या पोटात पुरलं. उन्हाळ्याच्या तोंडाला पवनेचं पाणी मागे सरतं आणि मैलभर चिखलाची जमीन उघडी पडते, तिथे. ती जमीन कोणाचीच नाही, म्हणून कोणी अडवलं नाही. जुलैत पाणी चढलं. सिस्टर बघायला गेल्या तेव्हा मी बरोबर होते. रस्त्यावरून नुसतं करडं पाणी दिसत होतं, आणि पाण्यात कमरेएवढी बुडालेली बाभळीची झाडं.

"तुम्ही बरोबरच केलंत, सिस्टर," मी म्हणाले. "सगळ्यांचा विचार करायचा होता."

"तसं लिहा मग इतिवृत्तात," त्या म्हणाल्या आणि परत चालायला लागल्या.

त्यांनी राजीनामा दिला. कमिटीने तो घेतला नाही, कारण दुसरं कोणी उभं राहायला तयार नव्हतं. पारधेकाका स्वतः त्यांच्या घरी गेले, तुम्ही मंडळी वाचवलीत म्हणून आभार मानले. सिस्टरांनी त्यांना चहा दिला. तेव्हापासून त्या उपासनेत प्रभुभोजन घेत नाहीत; कोणाशी काही राहिलं असेल तर आधी ते मिटवून मगच घ्यायचं असतं. भाकरीचं ताट आलं की पुढच्या माणसाकडे देतात, प्याल्याचंही तसंच. पाळकसाहेबांनी एकदा बाजूला घेऊन विचारलं. "अजून नाही," एवढंच त्यांनी सांगितलं.

गुरुवार मात्र त्यांनी सोडला नाही. वस्तीवर त्यांना कोणी हाकलत नव्हतं. विठाबाई बाळ आणून त्यांच्या हातात द्यायची, वजन झालं की परत घ्यायची. भिमाजी त्या येताना दिसल्या की झोपडीच्या मागे जायचा आणि त्या जाईपर्यंत पुढे यायचा नाही. एकदा सिस्टर मागे गेल्या. तो लाकडं फोडत होता, फोडतच राहिला.

सप्टेंबरात जागेच्या अर्जाचं उत्तर आलं. मागितलेली जागा उपलब्ध नसल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. त्याच महिन्यात वस्तीखालची जमीनही विकली गेली आणि नवीन मालकाचा माणूस दगडांवर चुन्याच्या खुणा करून गेला. सिस्टर पुन्हा कचेरीत गेल्या. या वेळी बरोबर यायला वस्तीवरचं कोणी तयार झालं नाही.

नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी त्या गेल्या तेव्हा तिथे तीनच झोपड्या होत्या. भिमाजीचं घर त्यात नव्हतं. चुलीचे दगड तेवढे राहिले होते. कोणी म्हणालं भट्टीवर गेले, कोणी म्हणालं घाटाखाली कर्जतकडे. सिस्टरांनी तिन्ही झोपड्यांत विचारलं, मग कामशेतच्या स्टँडवर येऊन टेम्पोवाल्यांना विचारलं. बाळाला नऊ महिने पुरे झाले होते, गोवराची लस द्यायची राहिली होती.