चाऱ्याची ओळ

आमच्या मागच्या खोलीत एक जुनं दार दोन पेट्यांवर आडवं टाकलेलं आहे. त्यावर बारा कागद जोडून केलेला नकाशा, नकाशावर नदी, नदीकाठी एक नगर, आणि दोन्ही बाजूंची मिळून चारशे अठरा शिशाची माणसं. प्रत्येक माणूस माझ्या करंगळीच्या पेराएवढा. युद्ध अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे. नगरात ग्रीक, नदीपलीकडे इराणी. इराणी सैन्य माझ्या यजमानांचं.

हे मोजणी खात्यात नकाशे उतरवायचे. चौतीस वर्षं. साहेबांनी बाहेर जाऊन जमीन मोजायची आणि ह्यांनी खिडकीपाशी बसून ती शाईने कागदावर आणायची. गावंच्या गावं त्यांनी रेघ न् रेघ काढली, त्यातलं एकही डोळ्यांनी पाहिलं नाही. मी एकदा विचारलं, "कधी वाटत नाही का, जाऊन बघावं?"

"वाटतं ना," म्हणाले. "रोज वाटतं. पण बघितलं की हात थरथरायला लागेल."

ग्रीक सैन्य त्यांच्या मित्राचं. हे गृहस्थ दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देतात, म्हणून आमच्या घरात ते कवळीवाले. सैनिक ओतायची कल्पना त्यांची. ज्या प्लास्टरमध्ये कवळीचा साचा करतात, त्यातच त्यांनी मेणाच्या घोडेस्वाराचा साचा केला आणि वितळलेलं शिसं ओतलं. साचा आतून ओला होता. पहिला घोडा फुटला आणि कवळीवाल्यांची डावी भुवई गेली. ती पुढे नीट आलीच नाही.

रंगकाम ह्यांचं. इराण्यांच्या विजारींवर नक्षी असते, ग्रीकांचे पाय उघडे. ह्यांनी सैन्य निवडलं ते विजारींसाठी. तीन केसांच्या कुंचल्याने एकेक विजार तासभर चालायची. कवळीवाले भिंगातून बघत आणि म्हणत, "हे लढाईला निघालेत की लग्नाला?"

"हरलं तरी नीटनेटकं हरावं," हे म्हणत.

मोहिमेचे नियम दोघांनी मिळून लिहिले. आपल्या एका महिन्यात त्यांचाही एक महिना जायचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी आपापला आदेश लिहून, पाकीट चिकटवून पंचाच्या हातात द्यायचा. पंच मी. दोन्ही पाकिटं आली की दोघांच्या समोर एकदम उघडायची, आदेश मोठ्याने वाचायचे, सैन्य हलवायचं आणि झालं ते वहीत लिहायचं. एकटं पाकीट उघडायचं नाही. मला पंच केलं ते माझ्या डायरीमुळे. शाळेत सिस्टरांनी सवय लावली होती, दिवस संपायच्या आत लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही. ती सवय साठ वर्षं सुटलेली नाही.

आणखी एक नियम होता, तो ह्यांचाच. आदेशाच्या शेवटी चाऱ्याची ओळ हवी, किती घोडे आणि चारा कुठून. ओळ नसेल तर घोडे जागचे हलत नाहीत. ते नकाशावर कुशीवर निजवायचे आणि महिना संपला की उभे करायचे. नियम ह्यांचा आणि विसरायचेही हेच. अकरा वर्षांत एकोणीस वेळा विसरले, माझ्याकडे तारखांसकट आहे.

"नकाशात गवत काढत नाहीत ना," कवळीवाले ह्यांना चिडवत म्हणायचे, "म्हणून साहेबांना ते दिसत नाही."

मी पाकीट हातात घेताना दर वेळी विचारायची, "चारा लिहिलात?" आणि हे दर वेळी म्हणायचे, "पंचांनी खेळाडूला सुचवू नये."

शेवटचं पाकीट त्यांनी मला गुरुवारी दिलं. शुक्रवारी दवाखान्यात तपासणीला जायचं होतं, रविवारी घरी असू की नसू म्हणून. पाकिटावर नेहमीप्रमाणे शाईत, "पंचांच्या सेवेशी". मी डाव्या हातात औषधांची पिशवी धरली होती. चारा लिहिलात का, हे विचारायचं राहिलं. मंगळवारी ते गेले.

कवळीवाल्यांचं पाकीट आलंच नाही. ते आले, बसले, लेकीला धीर दिला. पण मागच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही, आणि मग येणंच थांबलं. मी दर आठवड्याला सैन्यावरची धूळ काढत होते, प्रत्येकाला उचलून जागच्या जागी ठेवत होते. पाकीट कपाटात, ह्यांच्या चष्म्याखाली.

लेक म्हणाली, "आई, उघड ना. कोण विचारणार आहे?"

"एकटं पाकीट उघडत नाहीत."

"बाबांचं शेवटचं अक्षर आहे त्यात."

ते काय मला ठाऊक नव्हतं? कपाट उघडलं की हात तिकडेच जायचा. ह्या घरात त्यांचं मी न ऐकलेलं एवढंच बोलणं उरलं होतं. पण नियम मोडून ऐकलं असतं, तर मग त्यांच्या फोटोकडे मान वर करून बघता आलं नसतं.

तीन वर्षं दोन महिने झाले तेव्हा मी कवळीवाल्यांच्या कामाच्या जागी गेले. फळीवर कवळ्या मांडलेल्या, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी. ते एका खालच्या कवळीला पॉलिश करत होते. मला बघून मशीन बंद केलं.

"वहिनी, दात दुखतोय का?"

"तुमचा आदेश आलेला नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "मेलेल्या माणसाशी लढायचं कसं, वहिनी?"

"त्यांनी आदेश जिवंतपणी दिलाय. उशीर तुमचा झालाय."

"लिहिला होता मी," ते म्हणाले. "त्याच आठवड्यात. नदीच्या उतारावर घेरून त्यांचं सगळं सैन्य कापायचं, असा. ते पलंगावर होते आणि मी इकडे हिशेब मांडत होतो की साहेब आता सापडले. फाडून टाकला तो."

"मग दुसरा लिहा. रविवारी चार वाजता."

"तुम्ही अगदी तशाच आहात."

"पंच तसाच असावा लागतो."

रविवारी ते पावणेचारलाच आले. चहा नको म्हणाले, मग घेतला. मागच्या खोलीत शिरताना दारात चप्पल काढून क्षणभर थांबले. मी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि कात्रीने उघडली.

आधी त्यांचा आदेश वाचला. "सर्व सैन्य नगर सोडून मागे डोंगराकडे. दरवाजे उघडे ठेवावेत. घोडे वीस, चारा नगरातल्या कोठारातून."

"हे मुद्दाम केलंत," मी म्हटलं.

"माझं सैन्य आहे. मी कुठेही नेईन."

मग ह्यांचा. अक्षर तेच, नकाशावर गावांची नावं लिहायचे ते, एकसारखं, किंचित उजवीकडे झुकलेलं. "संपूर्ण घोडदळ पहाटे नदी ओलांडून थेट नगरावर. पायदळ आणि तिरंदाज याच काठावर थांबतील. कवळीसाहेबांना वाटेल मी घाबरलो, वाटू द्यावं." खाली सही.

मी कागद उलटून बघितला. मागची बाजू कोरी होती. पाकीट झटकलं.

कवळीवाल्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. "विसरले?"

"विसरले."

ते आधी हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. लिहायचं राहिलं असेल. दवाखान्याची गडबड होती. घेतला चारा, असं म्हणा ना. नगर मोकळं आहे."

मलाही म्हणावंसं वाटलं. पेन हातात होतं आणि ओळ एवढीशी होती. अकरा वर्षं ते ह्या नगराकडे बघत होते आणि आज वाटेत कोणी नव्हतं. पण ती ओळ मी लिहिली असती तर तो आदेश माझा झाला असता. समोर होता तो पुरता त्यांचा होता, विसरण्यासकट.

"विसावी वेळ," मी म्हटलं आणि वहीत तारीख घातली.

मग आम्ही दोघांनी मिळून घोडे निजवले. चव्वेचाळीस. एकाचा पाय एकदा लेकीच्या हातून पडून मोडला होता, त्यात ह्यांनी टाचणी बसवली आहे. तो नीट कुशीवर राहत नाही, त्याला कवळीवाल्यांनी मेणाचा ठिपका लावला. ग्रीक डोंगराकडे गेले. नगर रिकामं राहिलं.

निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या महिन्याचा आदेश कोण देणार?"

"पंच आदेश देत नाही."

महिना संपला तेव्हा नियमाप्रमाणे मी घोडे उभे केले. सगळ्यांची तोंडं नदीकडे, तिच्यापलीकडे नगर, त्याचे दरवाजे उघडे. कवळीवाले आता दर पहिल्या रविवारी पाकीट आणतात. ते मी कपाटात चष्म्याखाली ठेवते, कारण एकटं पाकीट उघडत नाहीत. सैन्य परत नगरात पाठवलंय का, असं मी त्यांना विचारलेलं नाही. ते चहा घेतात, खिशातून भिंग काढून एखादी विजार बघतात आणि साडेपाचला उठतात.